चोपन्न की छप्पन

मुष्टियुद्ध मी आयुष्यात एकदाही खेळलेलो नाही. लग्नाच्या वेळी माझं वजन एक्कावन्न किलो होतं, आज एकाहत्तर आहे, आणि मधले वीस किलो कुठल्याही व्यायामामुळे आलेले नाहीत. तरीही एकवीस वर्षं आमच्या झाशी जिल्ह्यातल्या स्पर्धांमध्ये माझ्या सहीशिवाय एकही ठोसा पडला नाही, असं म्हटलं तर ती बढाई नव्हे. खेळाडू रिंगमध्ये जाण्याआधी काट्यावर चढतो, आणि काट्यापाशी मी बसलेला असे.

नोकरी बाट-माप खात्यातली. म्हणजे बाजारात जाऊन दुकानदारांचे काटे आणि वजनं तपासायची, खरी असतील तर शिक्का मारायचा, खोटी असतील तर जप्त करायची. समथरच्या बाजारात एका किराणावाल्याच्या पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवलेला मी पकडला, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "साहब, चिपक गई होगी. हम तो इमली भी बेचते हैं." अशा मंडळींत माझा दिवस जात असे.

जिल्हा संघटनेचे सचिव सक्सेना जी एका शाळेत गणित शिकवत. एका वर्षी त्यांच्या स्पर्धेत दोन प्रशिक्षकांची काट्यावरून हमरीतुमरी झाली आणि ते थेट माझ्या कार्यालयात आले. "मोघे जी, काँटा झूठ बोल रहा है, चलकर देख लीजिए." मी प्रमाणित वजनं सायकलरिक्षात घालून नेली. काटा सातशे ग्रॅम जास्त दाखवत होता. तो दुरुस्त करून दिला आणि तेव्हापासून दरवर्षी बोलावणं येऊ लागलं. पुढे घड्याळही माझ्याच हातात आलं, म्हणजे राउंड किती वेळ चालला ते मोजायचं आणि घंटा वाजवायची. घरी, प्रेम नगरला, सौ. पहिल्याच वर्षी म्हणाली, "तुम्ही तिथे पंच म्हणून जाताय की पंच खायला?"

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खेळाडूंचे वजनाप्रमाणे गट असतात. आमच्या वेळी अठ्ठेचाळीस, एक्कावन्न, चोपन्न, सत्तावन्न, साठ असे तीन-तीन किलोंनी गट चढत आणि वर गेल्यावर सहाचं, मग दहाचं अंतर पडे. एक्क्याण्णवच्या वर सगळे एकत्र. हलक्या माणसाला तीन किलोही जड जातात आणि भारी माणसाला दहाही चालतात, असं नियम करणाऱ्यांना वाटलं असावं. तीन मिनिटांचे तीन राउंड. पाच पंच. स्वच्छ लागलेल्या ठोशाला गुण. नवख्यांना धक्का बसतो तो पुढच्या नियमाने: समोरच्याला खाली पाडलं म्हणून जादा गुण नाहीत. तो उठून लढू लागला, तर तो ठोसा एकच धरायचा.

प्रेक्षकांचं गणित वेगळं असतं. अठ्ठेचाळीसची लढत सुरू झाली की अर्धे लोक चहाला जात. ठोशांचा पाऊस, पण पडत कोणीच नाही. भारी गट आला की सगळे परत जागेवर. ताकद वरच्या गटात आणि कौशल्य खालच्या गटात, अशी सरळ वाटणी सगळ्यांच्या डोक्यात होती. पहिली काही वर्षं माझ्याही होती.

समथरचा एक पहिलवान होता, चौऱ्याण्णव किलो. पहिल्या वर्षी त्याने समोरच्याला एका मिनिटाच्या आत आडवा केला. दुसऱ्या वर्षी त्याच्यासमोर छावणीतला एक उंच, हडकुळा जवान आला, ब्याण्णव किलो. जवानाने नऊ मिनिटं त्याला हात लावला आणि बाजूला झाला, हात लावला आणि बाजूला झाला. निकाल लागल्यावर पहिलवान माझ्या टेबलापाशी आला. "बाबूजी, आप तो घड़ी देख रहे थे. वो लड़ा कब?"

मी म्हणालो, "नौ मिनट."

त्या दिवसापासून मी माझं मत बदललं. वरच्या गटात कौशल्य कमी लागतं असं नाही. वजन वाढतं तसा प्रत्येक चुकीचा दंड वाढतो, एवढंच. अठ्ठेचाळीसवाला दहा चुका करून उभा राहतो, चौऱ्याण्णववाल्याला एक पुरते. हे मी काट्यापाशी बसून शिकलो आणि मग स्वतःच एक चूक केली, जिचा दंड दुसऱ्याने भरायचा होता.

ब्रजकिशोर गरौठ्याच्या बाजूच्या एका खेड्यातला. सगळे त्याला बिरजू म्हणत, तो मला कक्का जी म्हणे. त्याचा डावा हात बघण्यासारखा होता. तो हात मारत नसे, विचारपूस करून यायचा. त्याला शिकवत होते हवालदार तोमर, फौजेतून निवृत्त, ज्यांना गावभर उस्ताद म्हणत. बिरजू चोपन्नच्या गटात खेळे आणि ज्या वर्षाची ही गोष्ट, त्याआधी दोन वर्षं अंतिम लढतीत हरला होता. दोन्ही वेळा दोन राउंड पुढे आणि तिसऱ्यात पाय संपले.

त्या वर्षीची स्पर्धा त्याच्यासाठी शेवटची होती. एका सरकारी खात्यात खेळाडूंसाठी राखीव जागा निघाल्या होत्या. अर्जासोबत जिल्हा विजेत्याचं प्रमाणपत्र हवं. स्पर्धा रविवारी संपणार, अर्जाचा शेवटचा दिवस सोमवार, आणि त्या महिन्याअखेर त्याचं वय मर्यादेबाहेर जाणार. पुढची संधी हा प्रकारच नव्हता.

शुक्रवारी सकाळी सात ते नऊ वजनं. साडेआठला बिरजू काट्यावर चढला: चोपन्न किलो तीनशे ग्रॅम. तीनशे ग्रॅम म्हणजे एक पेलाभर पाणी आणि वर थोडं. पण नियमाला थोडं वगैरे कळत नाही. उस्तादांनी त्याला दोन स्वेटर आणि वर रेनकोट चढवून मागच्या अंगणात दोरीच्या उड्या मारायला लावलं. आदल्या दुपारपासून त्याने पाणी घेतलेलं नव्हतं. ओठ पांढरे पडले होते. नऊला आठ मिनिटं असताना तो परत आला, कपडे काढून काट्यावर उभा राहिला. दांडी हलली, थांबली, बरोबर मध्यावर.

मी ओरडलो, "चोपन्न!"

इथे आमच्या घरची गोष्ट सांगायला हवी. आमचे पूर्वज दक्षिणेतून झाशीला आले त्याला दोनशे वर्षं झाली. बाहेर आम्ही हिंदीत बोलतो, भांडतो, अर्ज लिहितो. मुलं तर घरीही हिंदीत उत्तर देतात. पण मोजतो मात्र मराठीत. म्हणून नोकरीत मी स्वतःला एक नियम घालून घेतला होता: आकडा मोठ्याने सांगायचा तो सुटा करून सांगायचा. "पाँच, चार." बाजारात वीस वर्षं तो नियम पाळला. त्या सकाळी बिरजूचे पांढरे ओठ पाहून मला इतकं हायसं वाटलं की तोंडातून घरचा शब्द गेला.

नोंदवही दुबे जींकडे होती. हिंदीचे शिक्षक, अक्षर मोत्यासारखं. चोपन्नला हिंदीत चौवन म्हणतात. चोपन्न हा शब्द त्यांच्या कानाला माहीतच नव्हता, त्याच्या सर्वांत जवळचा माहीत होता तो छप्पन. त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं: ५६.

बिरजूने सही केली तेव्हा तो फक्त माठाकडे बघत होता. उस्तादांनी चष्म्याशिवाय सही केली. आणि एक्केचाळीस नोंदींच्या खाली मी सही केली. बेरीज तपासली होती, ओळी नाही. तिघांत माझी सही सर्वांत दोषी, कारण मला त्याच कामासाठी बोलावलेलं होतं.

बारा वाजता लढतींच्या याद्या भिंतीवर लागल्या. बिरजू माझ्याकडे आला. "कक्का जी, चौवन में हमाओ नाम नइयाँ."

त्याचं नाव सत्तावन्नच्या यादीत होतं.

मी नोंदवही उघडली. त्याच्या नावापुढे ५६ होतं. दुबे जींना विचारलं तर ते जागेवरून हलले नाहीत. "आपने छप्पन कहा, हमने अपने कानों से सुना."

"मैंने चोपन्न कहा था."

"वही तो. छप्पन."

सक्सेना जी म्हणाले, वाद कशाला, पुन्हा काट्यावर चढवा. चढवलं. पंचावन्न किलो आठशे. वजन झाल्याबरोबर त्याने पाऊण तांब्या पाणी, अर्धा शेर दूध, आठ पुऱ्या आणि चार केळी खाल्ली होती. दोन दिवसांचा उपाशी माणूस दुसरं काय करणार? पण आता माझ्याजवळ पुरावा नव्हता. मी कागद घेऊन तिथेच लिहून दिलं की नोंदीतली चूक माझ्या बोलण्यामुळे झाली आहे. चोपन्नच्या गटातल्या दोन प्रशिक्षकांनी लगेच हरकत घेतली, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही घेतली असती.

सक्सेना जी कागद हातात धरून म्हणाले, "मोघे जी, काँटा आपका जाँचा हुआ, दस्तखत आपके. अब आप ही बताइए, मैं सुबह वाले मोघे जी की मानूँ कि दोपहर वाले की?"

याद्या बदलणार नव्हत्या. बिरजूने सत्तावन्नमध्ये लढावं किंवा घरी जावं.

"अब का हुइए, कक्का?" त्याने मला विचारलं. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना.

उस्ताद अंगणात दोन फेऱ्या मारून आले. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"बिरजू, पेट कैसा है?"

"भरो है, उस्ताद."

"पाँव?"

बिरजूने जागच्या जागी चार उड्या मारल्या, जरा थांबला, पुन्हा चार मारल्या. "हल्के हैं."

उस्तादांनी वाकून त्याच्या पोटऱ्या चाचपल्या. मग म्हणाले, "दो साल से मैं इसे सुखा-सुखाकर हरवा रहा हूँ." आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून, "सत्तावन में लड़ेगा. और तीनों दिन खाना खाएगा."

यात जे तत्त्व आहे ते मला त्या दुपारी समजलं. प्रत्येक प्रशिक्षकाला आपला खेळाडू खालच्या गटात हवा असतो, कारण तिथे त्याचा ठोसा समोरच्यापेक्षा जड ठरतो. त्यासाठी त्याला सुकवतात. पण ज्याचा खेळ ठोशावर नसून पायांवर आहे, त्याच्याकडून ताकद मिळवण्याच्या नादात पायच काढून घेतले जातात. इतकी वर्षं मी ग्रॅमपर्यंत वजन लिहीत होतो. ते वजन कसं आलं, हे एकदाही लिहिलं नव्हतं. एकदा एक खेळाडू काट्यावरच चक्कर येऊन माझ्या अंगावर पडला होता, तेव्हाही मी आधी आकडा लिहिला आणि मग त्याला पाणी दिलं. त्याची मला आजही लाज वाटते.

शुक्रवारची लढत बिरजूने जिंकली, शनिवारचीही. दोन्ही वेळा तिसऱ्या राउंडमध्ये त्याचे पाय पहिल्याइतकेच चालत होते. शनिवारी घरी सौ.ला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. "आता बाहेर तरी हिंदीत मोजायला शिका," म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "उद्या समोर कोण आहे त्याच्या?"

समोर होता जगत नावाचा एकजण. कारखान्यात फिटर, साठच्या गटातून घाम गाळून सत्तावन्नात उतरलेला. त्याच्या उजव्या हाताने आधीच्या दोन्ही लढती दुसऱ्या राउंडमध्ये संपवल्या होत्या. रविवारी सकाळी तो बरोबर सत्तावन्न भरला, बिरजू पंचावन्न नऊशे. मी दोन्ही आकडे सुटे करून सांगितले आणि वहीत प्रत्येक ओळ स्वतः वाचली.

मग मी सक्सेना जींना म्हटलं की आज घड्याळ दुसऱ्या कोणाला द्या, या खेळाडूचं माझ्याकडे देणं आहे. ते म्हणाले, "इसीलिए तो आपको दे रहा हूँ. आप दस सेकंड इधर-उधर करेंगे तो आपको ही नींद नहीं आएगी." माणूस गणिताचा होता.

पहिला राउंड बिरजूचा. त्याचा डावा जगतच्या कपाळावर टिचकी मारल्यासारखा लागत होता आणि जगत पुढे येईपर्यंत बिरजू तिथे नसायचा. मी टेबलावर रेघा ओढत होतो, सवय म्हणून. अकराला चार.

दुसऱ्या राउंडमध्ये एक मिनिट पन्नास सेकंद झाले असताना बिरजूने एक चूक केली. डावा हात मारून परत आणताना तो खाली राहिला. जगतचा उजवा त्या जागेतून आला. आवाज माझ्या टेबलापर्यंत ऐकू आला आणि बिरजू पाठीवर पडला.

खेळाडू पडला की वेळ मोजणाऱ्याने टेबलावर ठोके देत सेकंद मोजायचे आणि रेफरीने ते उचलायचे. माझा उजवा हात टेबलावर, डाव्या हातात घड्याळ. एक. दोन. कोणी विचारलं असतं की हळू मोजावं असं वाटलं का, तर खरं उत्तर हो. ठोके सेकंदाच्या दोन-दोन दशांशांनी लांबवले असते तर झाशीत कोणाला कळलं नसतं. तीन. चार. मी घड्याळाच्या काट्याकडे बघत राहिलो आणि त्याप्रमाणेच हात मारला. पाच. सहा. सहावर बिरजू गुडघ्यावर, सातवर उभा. आठपर्यंत नियमाने मोजलं गेलं. रेफरीने त्याच्या डोळ्यांत बघून विचारलं, "लड़ेगा?" त्याने मान हलवली.

घंटेला अजून एक मिनिट होतं. ते मिनिट मी कधी विसरणार नाही, कारण ते संपूर्ण साठ सेकंदांचं दिलं. जगत दोन्ही हातांनी तुटून पडला. बिरजूने त्याला मिठी मारली, रेफरीने सोडवलं, त्याने दोरीला धरून वाट काढली, पुन्हा मिठी. ठोसे खांद्यावर, कोपरावर, हवेत. घंटा मी वेळेवर वाजवली, एक क्षणही आधी नाही.

कोपऱ्यात उस्तादांनी त्याला पाणी पाजलं आणि एकच वाक्य बोलले. माझं टेबल त्याच कोपऱ्याला लागून होतं म्हणून ऐकू आलं. "वो थक गया है मारते-मारते. तू थका क्या?"

"नइयाँ."

तिसऱ्या राउंडमध्ये सुकवलेला माणूस होता तो जगत. मागच्या दोन वर्षांत बिरजूचे व्हायचे तेच हाल आता समोर दिसत होते: तोंड उघडं, पाय चिकटलेले, उजवा हात अजून तितकाच जड पण उशिरा येणारा. बिरजू त्याच्याभोवती फिरत राहिला. दोन लावायचे, सरकायचं. एक लावायचा, सरकायचं. शेवटच्या मिनिटात तर लोक मोठ्याने मोजू लागले. जे लोक हलक्या गटांच्या वेळी चहाला जात, तेच उभे राहून एका हलक्या माणसाचे ठोसे मोजत होते. माझ्या रेघा त्या राउंडला सोळाला तीन.

पाच पंचांपैकी चार बिरजूकडे. त्याचा हात वर गेला आणि मांडव दणाणला. मागून एकजण ओरडला, "अरे, गिरा तो यही था." सक्सेना जी माईकवरून म्हणाले, "गिरा था, तभी तो उठा." नियम इतक्या कमी शब्दांत मी कधी समजावू शकलो नव्हतो.

पण काम संपलेलं नव्हतं. माझा शुक्रवारचा कागद अहवालाला जोडलेला होता. उस्ताद हळूच म्हणाले, "मोघे जी, फाड़ दीजिए इसे, जीत गया लड़का." मी म्हटलं, ते होणार नाही. खरं वजन चुकीचं नोंदलं गेलं असेल तर हरलेल्याला हरकत घ्यायचा हक्क आहे, आणि तो हक्क त्याला माहीत असायला हवा. सक्सेना जींनी दोन्ही बाजूंना टेबलाशी बोलावून कागद वाचून दाखवला. जगतच्या प्रशिक्षकाने खिशातून पेन काढलं. बिरजूची सगळी सोमवारची सकाळ त्या पेनाच्या टोकावर होती.

जगतने नाकातला कापूस काढला आणि प्रशिक्षकाचा हात धरला. "कोच साहब, रहने दो. हरकत लिखोगे तो कागज में क्या आएगा? कि जगत चौवन किलो वाले से पिटा. कारखाने में जीने देंगे मुझे? ये सत्तावन का ही ठीक है." मग बिरजूकडे वळून, "और तू, भैया, अब यहीं रहना. मैं जा रहा हूँ वापस साठ में, रोटी खाने."

त्याने माझ्याच पेनाने लिहून दिलं: कोई आपत्ति नहीं, म्हणजे हरकत नाही. सक्सेना जींनी प्रमाणपत्र भरलं. बिरजूच्या हातांवरच्या पट्ट्या सुटलेल्या नव्हत्या, बोटं वाकत नव्हती, म्हणून ते मीच धरलं. तो म्हणाला, "कक्का जी, पढ़ दो." मी वाचलं. "जोर से पढ़ो. सबरे बैठे हैं." मग मी खुर्चीवरून उठून शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं वाचलं: नाव, वडिलांचं नाव, गाव, तहसील गरौठा, वजनगट, विजेता.

नोकरी त्याला लागली. आज तो त्याच खात्यात नव्या खेळाडूंना शिकवतो. पण मला जास्त आठवते ती सोमवारची खिडकी. साडेदहाला उघडायची, आम्ही पावणेनऊपासून उभे. रांगेत तो पहिला आणि त्याच्या मागे मी, कारण अर्जातल्या तारखा मी तीनदा तपासल्या होत्या आणि चौथ्यांदा तपासायच्या होत्या. खिडकीतल्या बाबूने अर्ज घेतला, प्रमाणपत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "ये साथ में कौन हैं? कोच?"

"नइयाँ," बिरजू म्हणाला. "हमाये कक्का हैं. इनईं ने हमें ऊपर के वजन में लड़ाओ हतो."